पान अडतीस, आकृती तीन

अकरा वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्राला त्याने उत्तर दिलं नाही. द्यायचं राहून गेलं, असं तो स्वतःशी म्हणत आला होता. पण राहून जातं ते छत्री घ्यायचं, दूध झाकून ठेवायचं. हे पत्र त्याने टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, बोथट निबांच्या डब्याखाली, घडीवर घडी घालून ठेवलं होतं, आणि त्या खणातून काहीही काढताना डबा न हलवता हात आत घालायची कसरत तो इतकी वर्षं करत होता. पत्र एका शिक्षिकेचं होतं, गणिताच्या वहीच्या चौकटींच्या कागदावर लिहिलेलं. 'एका ओळीचं उत्तर पुरे' असं तिनेच शेवटी लिहिलं होतं. ती एक ओळ काय असायला हवी हे पाकीट फोडल्यावर दोन मिनिटांत त्याला कळलं होतं, आणि अडचण तीच होती. माहीत नसतं तर त्याने चार पानं लिहिली असती.

आज पत्र वर आलं ते टेबलामुळे. मुलाच्या कंपनीने महिन्याभरापूर्वी सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं, आणि तेव्हापासून घराची चालच बदलली होती. बायको स्वयंपाकघरात भांडी हळू ठेवायला लागली. शेजारपाजारचं कुणी आलं तर ती ओठांवर बोट ठेवून म्हणायची, "हळू बोला, त्याचं ऑफिस चालू आहे." चौतीस वर्षं याच घरात, याच खोलीत, त्याच टेबलाशी बसून त्याने पुस्तकांसाठी चित्रं काढली होती; शाळेच्या पुस्तकांतले बेडूक, ढग, पंपाचे छेद, बियाण्याला फुटणारे कोंब, शिवणकामाचे टाके, आणि हात. शेकडो हात. तेवढ्या वर्षांत त्याच्यासाठी एकही भांडं हळू ठेवलं गेलं नव्हतं. तो घरी 'असायचा'. मुलगा मात्र पायजम्यावर इस्त्रीचा शर्ट चढवून त्याच घरात बसला की तो 'ऑफिसात' असायचा. आज सकाळी चहा पिताना मुलगा म्हणाला, "बाबा, मला दार लावता येईल अशी खोली लागते हो. मीटिंगमध्ये मागून आईच्या मिक्सरची घरघर जाते. तुमचं काय, तुमचं काम कुठेही बसून होतं." तो म्हणाला, "हो, हो, घे ना." हे त्याच्या तोंडून निघालं, आणि आत, बरगड्यांच्या मागे, काहीतरी कढईतल्या तेलासारखं तडतडलं. त्याचा राग नेहमी असाच आत शिजायचा; बाहेर पडेपर्यंत त्याचं 'हो, हो' झालेलं असायचं.

म्हणून टेबल पॅसेजमध्ये आलं. एका बाजूला चपलांचं स्टँड, दुसऱ्या बाजूला विजेचा मीटर, आणि समोर, हाताच्या अंतरावर, घराचं दार. दाराच्या चौकटीला आठ खिळे, आणि आठ खिळ्यांवर इमारतीतल्या आठ घरांच्या किल्ल्या. तो घरीच असतो म्हणून लोकांनी एकेक करून आणून टांगल्या होत्या. सुरुवातीला किल्ल्यांची गल्लत व्हायची, तेव्हा त्यानेच पुठ्ठ्याचे छोटे बिल्ले कापून त्यांवर घराचे आकडे काढले होते, सुबक, काळ्या शाईत, आकड्याभोवती बारीक वेलबुट्टी. त्याच्या एकाही पुस्तकाबद्दल इमारतीतलं कुणी कधी चकार शब्द बोललं नव्हतं; त्या बिल्ल्यांचं मात्र अजून कौतुक व्हायचं. मुलाने एक बाजू धरली, बायकोने दुसरी, टेबल उंबऱ्याशी तिरकं झालं आणि खालचा खण घसरून धाडकन पडला. निबा फरशीभर पसरल्या. निबांत पत्र.

"हे कुणाचं?" बायकोने वाकून उचललं. घड्या उलगडताना कागदाने कुरकुर केली. तो म्हणाला, "असंच, जुनं आहे काहीतरी," आणि हात पुढे केला. पण तिचा चष्मा डोक्यावरून नाकावर आलेला होता, आणि एकदा तो नाकावर आला की तिच्या हातातून कागद काढून घेणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. मुलाला त्यात रस नव्हता, त्याची दहाची मीटिंग होती. त्याने खोलीचं दार लावून घेतलं. बायको पुटपुटत वाचायला लागली, तिला मनात वाचता येत नसे. "मी सहावीला शिकवते. तुमच्या गाठींच्या पुस्तकावरून मी वर्गाला गाठी शिकवल्या. पान अडतीसवरची गाठ शिकून माझ्या एका विद्यार्थिनीने झाडाला झोका बांधला. गाठ सुटली. तिचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. हाड जुळलं, पण मनगट पूर्ण वळत नाही, ती आता डाव्या हाताने लिहायला शिकते आहे. मी तुम्हाला दोष देत नाही. मी पुस्तक समोर ठेवून ती गाठ सारखी बांधून बघते. पुस्तकाप्रमाणे बांधली की सुटते असं मला वाटतं, पण आता माझा माझ्यावरच भरवसा राहिलेला नाही. छापलेलं चुकीचं कसं असेल? आकृती तीन चुकली आहे की माझं शिकवणं, एवढंच कळवा. तिच्या आईला मी काय सांगायचं ते त्यावर ठरेल. एका ओळीचं उत्तर पुरे." बायको थांबली. तारीख बघितली. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून, या वेळी आवाज न करता, वाचायला लागली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. संपादिका होती, प्रकाशन संस्थेतली नवी मुलगी, दोन वर्षांत एकदाही प्रत्यक्ष न भेटलेली. तिचा आवाज नेहमी नुकताच धावत आल्यासारखा असायचा. "सर, नमस्कार! एक छान बातमी आहे. तुमचं गाठींचं पुस्तक आपण आता टॅबलेटवर आणतोय. शाळाशाळांत जाणार. चित्रं अगदी तीच ठेवतोय, बरं का. हल्ली अशी हातची चित्रं कुठे मिळतात!" तो म्हणाला, "हो, हो." "फक्त एक विचारायचं होतं, फाईल उद्या जाणार म्हणून. इतक्या वर्षांत त्यात काही चूक वगैरे सापडली? कुणाची तक्रार?"

"नाही," तो म्हणाला.

"कुणाचीच नाही ना?"

"कुणाचीच नाही."

फोन ठेवल्यावर त्याने पाहिलं तर बायको पत्र हातात धरून तशीच उभी होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात त्याला वाट माहीत होती, कुठे गप्प बसायचं, कुठे बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा. तिने पत्र जुन्या घड्यांवरून परत मिटलं, टेबलाच्या मधोमध ठेवलं, पायात चपला सरकवल्या. "कुणाचीच नाही," ती म्हणाली, त्याच्याच आवाजात. मग पिशवी घेतली. "मी भाजी आणायला जाते. निबा उचला, पायात जातील."

तो गुडघ्यांवर बसून निबा उचलू लागला आणि राग एकेका निबेबरोबर वर यायला लागला. तिला काय कळतंय? या बाईला काय ठाऊक, एक गाठ काढायची म्हणजे काय असतं? कागदावर दोरी काढणं सोपं नाही. दोरी कुठे वर आहे, कुठे खाली, एवढंच त्या चित्राचं काम, आणि ते एक केसभर चुकलं की चित्र सुंदर राहतं आणि गाठ मरते. उजव्या हाताने तो काढायचा म्हणून दोरी धरायला डावाच हात उरायचा. पुस्तकातले सगळे हात म्हणजे त्याचाच डावा हात, आणि उजवा हवा असला की आरशात बघून काढलेला तोच डावा. बायको थट्टेने म्हणायची, "तुमच्या पुस्तकातल्या सगळ्या माणसांना एकच अंगठा आहे, तोही दारात चेमटलेला." सहाय्यक नाही, स्टुडिओ नाही, दोरीचं एक टोक दातांत, एक टोक खुर्चीच्या दांड्याला. आणि अशा वेळी बेल. भाजीवाला, पार्सल, मीटर वाचणारा, चुकून आलेला कुणाचा तरी पाहुणा. तुम्ही घरीच आहात ना? घरीच असता ना? तुम्हाला काय, घरीच तर आहात. हा 'घरीच' मधला 'च' त्याच्या कानात चौतीस वर्षं खिळ्यासारखा ठोकला गेला होता. त्या दुपारचीही बेलच. त्याला ती दुपार लख्ख आठवत होती, अकरा वर्षं तो ती घासूनपुसून ठेवत आला होता. आकृती दोन संपली होती. आकृती तीनसाठी दोरी बोटांवर चढवली होती, सुती दोरी, एक टोक ओळखू यावं म्हणून निळ्या शाईत बुडवलेलं. बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या काकू, किल्ली हवी होती. दार उघडायला दोन्ही हात लागले, दोरी सुटली. काकू दारात पंधरा मिनिटं उभ्या राहिल्या, कुणाच्या तरी ऑपरेशनबद्दल बोलत. तो 'हो, हो' म्हणत राहिला. परत येऊन बसला तेव्हा धागा तुटला होता. त्या मुलीचं मनगट मोडलं ते त्या पंधरा मिनिटांनी, असं अकरा वर्षं त्याच्या आतल्या कोर्टात सिद्ध होऊन बसलं होतं, आणि आरोपीला याचा पत्ताही नव्हता.

बेल वाजली. टेबल दाराला इतकं चिकटलेलं की तो बसल्या जागेवरून दार उघडू शकला. त्याच काकू.

"अगं बाई, टेबल दारात?" त्या आत डोकावल्या. "बरं झालं बाई. आता बेल वाजवायलाच नको, नुसतं टकटक केलं की झालं. ऐका ना, दुपारी माझं कपाट येणार आहे, तेवढं उतरवून घ्या. आणि बहीण येईल, तिला किल्ली द्या. मी जरा बाहेर चाललेय. तुम्ही आहातच."

त्याने तोंड उघडलं. 'हो, हो' जिभेवर तयार होतं. त्याऐवजी दुसरंच काहीतरी बाहेर पडलं. "काकू, बारा-तेरा वर्षांपूर्वी तुम्ही एका दुपारी किल्ली न्यायला आला होतात. गुरुवार होता. पंधरा मिनिटं इथे उभ्या होतात. आठवतंय?"

 काकू हसल्या, मनापासून, त्यांच्या बांगड्याही वाजल्या. "कुठली दुपार हो? मी तर रोजच येते! का, काय झालं, काही हरवलं का तेव्हा?"

"नाही. काही नाही."

"बघा हं. आणि कपाट जरा सांभाळून, आरसा आहे त्याला." त्या जिना उतरून गेल्या.

तो दार उघडंच ठेवून बसला. कुठली दुपार? मी तर रोजच येते. खरंच की. त्या रोज यायच्या. चाळीस गाठींचं पुस्तक पुरं करायला त्याला सात महिने लागले होते. त्या सात महिन्यांत बेल हजार वेळा वाजली असेल, आणि बाकीच्या एकोणचाळीस गाठी बरोबर होत्या. प्रत्येक वेळी परत येऊन त्याने दोरी पुन्हा बांधली होती. त्याचा नियमच होता, बोटांत असल्याशिवाय कागदावर नाही. त्या दिवशी परत आल्यावर दोरी टेबलावर पडली होती, निळं टोक त्याच्याकडे करून, आणि त्याने ती उचलली नाही. माहीत आहे आपल्याला, असं म्हणून आठवणीवर काढली. कंटाळा आला होता. खरं तर चक्क बरं वाटलं होतं, की आता एक कारण हाताशी आहे. आणि एवढ्यावरही संपत नव्हतं. आज राग इतका वर आला होता की तो थांबायला तयार नव्हता. काकूंवरून घसरून तो आता ज्याच्यावर यायला हवा होता त्याच्यावर, स्वतःवर, आला. छापण्याआधी तपासायला प्रूफं आली होती. पान अडतीस उलटताना त्याची नजर अडखळली होती. टोक वरून जायला हवं, खालून गेलंय, हे त्याला दिसलं होतं. दिसलं होतं! लाल पेन्सिल हातात होती. पण दुरुस्ती म्हणजे सबंध पान पुन्हा, म्हणजे जुन्या संपादकाला फोन, म्हणजे 'तुम्हीसुद्धा चुकता का हो?' हे त्याचं हसणं, म्हणजे पुढचं पुस्तक कदाचित दुसऱ्याकडे. कोण बांधतंय, मुलं नुसती चित्रं बघतात, असं म्हणून त्याने पान उलटलं होतं. स्वतःच्या कामाला या घरात कुणी काम मानत नाही म्हणून तो चौतीस वर्षं धुमसत होता, आणि ज्या दिवशी ते काम खरोखर कुणाचा तरी भार पेलणार होतं, त्या दिवशी त्याने स्वतःच त्याला काम मानलं नव्हतं. छापलेलं चुकीचं कसं असेल, असं विचारणारी ती एकटीच होती जिने त्याच्या रेघेवर एवढा विश्वास टाकला. तिलाच त्याने खणात कोंडलं.

निबांच्या डब्याच्या तळाशी ती दोरी अजून होती, पिवळी पडलेली, निळं टोक राखाडी झालेलं. एक गोष्ट त्याच्या लक्षात आली आणि कानशिलं तापली: चूक आहे हे त्याला डोळ्यांनी माहीत होतं, पण अकरा वर्षांत त्याने ती गाठ एकदाही बांधून पाहिली नव्हती. त्या शिक्षिकेने सारखी बांधली होती. त्याने पुस्तक काढलं, पान अडतीस, आणि शिकणाऱ्याने करावं तसं, आकृतीत दिसेल तेवढंच करत, दोरी दाराच्या कडीला बांधली. एक. दोन. तीन. चार. गाठ झाली, दिसायला देखणी, घट्ट. त्याने दुसरं टोक मुठीला गुंडाळलं आणि मागे रेलून अंगाचा भार टाकला. क्षणभर तिने धरलं. तेवढंच वाईट होतं. तिने विश्वास बसेपर्यंत धरलं आणि मग एकदम, काही आवाज न करता, सोडून दिलं. तो चपलांच्या स्टँडवर पाठीवर कोसळला. स्टँड मोडलं, चपला अंगावर, कोपर मीटरच्या पेटीवर आपटलं.

खोलीचं दार उघडलं. कानात इअरफोन घातलेला मुलगा, वर शर्ट, खाली पायजमा. "बाबा, प्लीज! मी मीटिंगमध्ये आहे!"

"मीसुद्धा कामात आहे," तो चपलांत पडल्या पडल्या म्हणाला. "दार लावून घे. आणि लावताना आवाज करू नकोस."

मुलाने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू भिंतीवरचं कॅलेंडर बोललं. "लागलं का तुम्हाला?" असं तो विचारत होता, पण कानात कुणीतरी त्याला हाक मारली असावी, तो आत गेला. दार खरंच आवाज न करता लागलं.

कोपर ठणकत असताना त्याने लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर काकू आल्या, बेल आली, पंधरा मिनिटं आली. तो कागद त्याने फाडला. दुसऱ्यावर प्रकृती, वय, त्या काळातली कामाची ओढाताण, आणि 'मनापासून क्षमस्व' असे गुळगुळीत शब्द, निमंत्रणपत्रिकेवर शोभतील असे. वाचून त्याला स्वतःचीच किळस आली, तोही फाडला. तिसऱ्या कागदावर त्याने लिहिलं: 'आकृती तीन चुकली आहे. टोक वरून जायला हवं, मी खालून काढलं. पुस्तक छापण्याआधी मला ते दिसलं होतं. तुमचं शिकवणं चुकलं नाही. हे कळवायला अकरा वर्षं लागली, त्याला सांगण्यासारखं कारण नाही. मुलीच्या आईला माझं नाव आणि खालचा पत्ता द्यावा.' मग त्याने दोरी घेतली. पुस्तक मिटलं. या वेळी बोटांना विचारत, सावकाश, टोक वरून घेऊन गाठ बांधली, कडीला लावली, लोंबकळला. कोपर ओरडलं, गाठ हलली नाही. तो दोन मिनिटं तसाच, म्हाताऱ्या वटवाघळासारखा, दाराला लटकून राहिला. मग कडीजवळ दोरी कापली आणि गाठीचा तुकडा कागदाबरोबर पाकिटात घातला.

संपादिकेने पहिल्या घंटीला फोन उचलला. "सर?"

"मघाशी मी खोटं बोललो. पान अडतीस, आकृती तीन चुकीची आहे. तक्रार आली होती. एका मुलीचा हात मोडलाय त्यामुळे."

 "सर... पण फाईल आजच पाठवली मी. उद्यावर नको म्हणून. आता ते पुढच्या आवृत्तीत..."

"परत मागवा."

"सर, असं लगेच नाही होत, वरती विचारावं..."

"तर मग वरती जे कोण आहेत त्यांना सांगा, ती गाठ पुस्तकाप्रमाणे बांधा आणि खिडकीबाहेर लटका." आपला आवाज एवढा चढू शकतो हे त्याला माहीत नव्हतं; आतल्या खोलीतली मीटिंगसुद्धा गप्प झाल्यासारखी वाटली. "नवीन चित्र उद्या दुपारी मिळेल. तोवर पुस्तक कुठेही जाणार नाही. जाणार असेल तर माझं नाव आणि माझ्या चाळीसच्या चाळीस गाठी काढून टाका, मग पाठवा."

"नाही, सर, असं नका... थांबवते. मी आत्ता फोन करते. थांबवते मी."

फोन ठेवला आणि त्याला लगेच शंका यायला लागल्या, नेहमीच्याच. आपण फार बोललो का? त्या पोरीचा काय दोष? ती शिक्षिका अजून त्या पत्त्यावर असेल? अकरा वर्षं. निवृत्त झाली असेल, गाव सोडलं असेल. मुलीच्या आईला तिने तेव्हाच काहीतरी सांगून टाकलं असेल, 'माझं चुकलं' असं, आणि आता हे पत्र म्हणजे खपली काढणंच. उत्तर न देण्याची कारणं किती सभ्य दिसतात! अशाच सभ्य कारणांवर अकरा वर्षं निघाली होती. राग विझण्याआधी निघायला हवं, एवढं त्याला कळलं. त्याने पाकिटावर पत्ता लिहिला, त्याखाली 'येथे नसल्यास जिथे असतील तिथे कृपया पाठवावे' असं सगळ्यात ठळक, बिल्ल्यांवरच्या अक्षरात, लिहिलं. पायात चपला घातल्या. दोन्ही डाव्या निघाल्या, परत बदलल्या. मग चौकटीवरच्या आठही किल्ल्या काढून खिशात टाकल्या. बायको आणि मुलगा आपापल्या कामात, दुपारी काकूंची बहीण येणार, कपाट येणार. येऊ देत.

जिन्यात बायको भेटली, दोन्ही हातांत पिशव्या. "कुठे निघालात? तुमच्या खिशात काय वाजतंय?"

"किल्ल्या. सगळ्यांच्या."

"अहो, मग कुणी आलं तर? घरी कोण आहे?"

"तुझा मुलगा. तो घरीच असतो."

ती काहीतरी बोलणार होती. तिची नजर पाकिटावर गेली, वर लिहिलेल्या पत्त्यावर, पाकिटाच्या पोटात आलेल्या फुगवट्यावर. पिशव्या पायरीवर ठेवून तिने बोटाने पाकिटाचा कोपरा दाबून पाहिला. "तिकीट जास्तीचं लावा," ती म्हणाली. "जड आहे. नाहीतर तिलाच भुर्दंड पडायचा."

पोस्टात त्याने जास्तीचं तिकीट लावलं. खिडकीमागचा माणूस म्हणाला, "इथेच द्या, मी टाकतो," पण त्याने दिलं नाही. बाहेर येऊन तो लाल पेटीसमोर उभा राहिला. खिशात फोन वाजत होता. काकू असतील, किंवा त्यांचं कपाट. पाकीट अर्धं गेलं आणि अडलं. गाठ फटीत येईना. त्याने पाकीट उलटं केलं, सरळ केलं, मग गाठ बोटांनी दाबून चपटी केली आणि हात मनगटापर्यंत फटीत घातला. पत्र्याच्या कडेने कातडी सोलली. त्याने आणखी ढकललं, बोटं उघडली, आणि खाली, बाकीच्या पत्रांवर, ते पडल्याचा आवाज आला.